झगा मगा की घराण्याचं नाव? : इझो रिव्होल्ता आणि झगातोची जीटीझेड

मागच्या वेळी आपण जुन्या वास्तूंच्या जीर्णोद्धाराबद्दल बोललो होतो. जीर्णोद्धार करताना जुनं किती ठेवायचं आणि नवं किती घालायचं, हा त्या दिवशीचा प्रश्न. आज तोच प्रश्न मी एका मोटारीला विचारणार आहे. काहींच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसतंय. मोटार हा व्याख्यानाचा विषय आहे का? माझ्या मते आहे. विसाव्या शतकात माणसानं सर्वांत जास्त डोकं, पैसा आणि हौस ज्या शिल्पावर खर्च केली, ते शिल्प चार चाकांवर उभं आहे. देवळाचं शिखर आपण निरखून बघतो, तसं मोटारीचं छप्पर निरखायला काय हरकत आहे?

विषय असा. इझो नावाचा एक इटालियन मोटार कारखाना होता, तो १९७४ मध्ये बंद पडला आणि लोक त्याला विसरले. २०२० मध्ये मिलानजवळच्या झगातो या बॉडी बांधणाऱ्या घराण्यानं त्या नावानं एक नवी गाडी जाहीर केली : इझो रिव्होल्ता जीटीझेड. गाड्या फक्त १९. हे पुनरुज्जीवन खरं की नुसतं बारसं, हे आज तपासायचं आहे. गाडी चालवायला कशी आहे, हे माझ्याकडून ऐकायची अपेक्षा ठेवू नका. आपण बोलणार आहोत ते रूपाबद्दल आणि नावाबद्दल.

आधी 'बॉडी बांधणं' म्हणजे काय ते बघू. यासाठी इटलीला जायची गरज नाही. तुम्ही महामार्गावर कधी ना कधी ट्रकची नुसती चॅसिस जाताना पाहिली असेल. पुढे इंजिन, मागे दोन लांब लोखंडी पट्ट्या, चार-सहा चाकं, ना केबिन ना काच, आणि ड्रायव्हर तोंडाला फडकं गुंडाळून उघड्या वाऱ्यात बसलेला. ती चॅसिस बॉडी बांधायला निघालेली असते. आपल्या एसटीच्या गाड्या अशाच घडत आल्या. चॅसिस टाटाची किंवा अशोक लेलँडची, बॉडी दापोडीच्या, चिकलठाण्याच्या किंवा नागपूरजवळ हिंगण्याच्या वर्कशॉपातली. यंत्र एकाचं, अंगरखा दुसऱ्याचा. या अंगरख्याच्या धंद्याला इटालियन भाषेत 'कारोत्सेरिया' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी श्रीमंत माणसं मोटार अशीच घेत. चॅसिस एका कारखान्याकडून घ्यायची आणि आवडत्या शिंप्याकडे, म्हणजे बॉडीवाल्याकडे, धाडायची.

झगातो हे त्यातलंच एक घराणं. उगो झगातो यांनी १९१९ मध्ये मिलानमध्ये दुकान थाटलं. पहिल्या महायुद्धात ते विमानाच्या कारखान्यात होते, तिथून येताना त्यांनी हलकेपणाचा ध्यास सोबत आणला. विमानासारखा हलका सांगाडा आणि त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा. त्यामुळे शर्यतीवाले त्यांच्याकडे येऊ लागले. आता आपल्या मराठी कानांना हे नाव ऐकून गंमत वाटणारच. झगातो काय करतात? झगा शिवतात! आणि आपल्याकडे म्हणच आहे, 'झगा मगा मला बघा'. हा विनोद मी मुद्दाम आत्ताच उरकून घेतोय, कारण आजच्या टीकेचा मुख्य आरोप या म्हणीतच आहे. जीटीझेड म्हणजे अमेरिकन कॉर्वेटला चढवलेला महागडा झगा आहे, असं बरेच जण म्हणतात. गाडीचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा मीही हेच म्हणालो होतो. ते मत मी का बदललं, आणि बदलूनही माझी तक्रार का शिल्लक राहिली, ते आता सांगतो.

त्यासाठी इझोची गोष्ट थोडी सविस्तर सांगावी लागेल. तिची सुरुवात मोटारीनं होत नाही, ती होते फ्रीजनं. १९३९ मध्ये जेनोव्हाजवळ 'इझोथर्मोस' नावाची कंपनी निघाली. शीतयंत्रं करायची. रेन्झो रिव्होल्ता यांनी ती युद्धकाळात मिलानच्या उत्तरेला ब्रेस्सो इथे नेली. युद्ध संपलं. इटली मोडून पडलेली, लोकांना फिरायला काहीतरी स्वस्त हवं होतं. कंपनीनं स्कूटर आणि मोटरसायकली काढल्या, आणि १९५३ मध्ये तूरीनच्या प्रदर्शनात एक अंड्यासारखं वाहन आणून ठेवलं. नाव 'इझेत्ता', म्हणजे छोटी इझो. इंजिन २३६ सीसीचं. दार एकच, आणि तेही समोर. गाडीचं अख्खं नाक उघडायचं आणि आत जाऊन बसायचं. फ्रीज करणाऱ्या माणसाला दार पुढून उघडावंसं वाटलं, यात नवल नाही!

इझेत्ता इटलीत फार चालली नाही. तिथे फियाटची छोटी मोटार होती आणि तिला चार माणसं बसत. पण रिव्होल्तांनी परवाने विकले आणि जर्मनीच्या बीएमडब्ल्यूनं १९५५ पासून ही गाडी बनवली, १ लाख ६० हजारांहून जास्त. बीएमडब्ल्यूचे ते दिवस हलाखीचे होते. आज जी कंपनी ऐट मिरवते, तिच्या वाईट काळात चूल पेटती ठेवण्यात या इटालियन अंड्याचाही वाटा होता. आज इझेत्ता म्हटलं की लोक बीएमडब्ल्यूच म्हणतात. मूल एकाचं आणि नाव दुसऱ्याचं. इझोच्या नशिबात हे पुढेही येणार आहे, लक्षात ठेवा.

परवान्याच्या धंद्यावर न थांबता रेन्झो रिव्होल्तांनी एकदम दुसरं टोक गाठलं. १९६२ मध्ये तूरीनलाच त्यांनी इझो रिव्होल्ता आयआर ३०० ही गाडी मांडली. चार माणसांची, लांब पल्ल्याची, वेगवान. तिच्यामागे तीन माणसं होती. पहिले जोत्तो बिझ्झारीनी. हे अभियंता. फेरारीत २५० जीटीओ या गाडीवर काम केलेले आणि १९६१ च्या त्या प्रसिद्ध बंडाळीत बाहेर पडलेले. दुसरे जॉर्जेत्तो जुजारो, बेर्तोने या बॉडीवाल्यांकडे काम करणारा चोवीस वर्षांचा पोरगा, पुढे जगातला सर्वांत मोठा मोटार-आरेखक ठरलेला. आणि तिसरे स्वतः रिव्होल्ता, ज्यांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. स्वतःचं इंजिन बनवायचंच नाही. अमेरिकेतून शेव्हरोलेच्या कॉर्वेटचं व्ही-८ इंजिन आणायचं.

याचा अर्थ नीट समजून घ्या. फेरारीचं इंजिन म्हणजे तानपुरा. सतत लावत बसावं लागतं. कॉर्वेटचं इंजिन म्हणजे पेटी. उघडा आणि वाजवा. ताकद भरपूर, कुरबूर कमी, आणि अमेरिकेत गावोगावी त्याचा मेस्त्री मिळणार. रिव्होल्तांचं म्हणणं असं दिसतं की श्रीमंत माणसालाही रोज सकाळी गाडी सुरू व्हावी असं वाटतंच की! इटालियन रूप, इटालियन बांधणी आणि अमेरिकन हृदय. ही इझोची तडजोड नव्हती. हाच तिचा विचार होता.

आता पहिला आरोप घ्या. जीटीझेडच्या आत कॉर्वेट आहे. हो, आहे. कॉर्वेट झेड-०६ ची यंत्रणा, ६.२ लिटरचं व्ही-८, सुपरचार्जर लावलेलं, साडेसहाशे अश्वशक्तीच्या पुढचं. पण इझोच्या आत कॉर्वेटचं हृदय नसतं तर मी तक्रार केली असती. ते इंजिन १९६२ च्या इंजिनाच्याच घराण्यातलं आहे, शेव्हरोलेच्या त्याच 'स्मॉल ब्लॉक' परंपरेतलं. दुसऱ्या कुठल्याही मृत मार्काबाबत 'इंजिन परकं आहे' ही तक्रार योग्य ठरली असती. इझोबाबत ती फक्त अज्ञान दाखवते.

आणखी एक तांत्रिक मुद्दा आहे, तो टीकाकारांच्या नजरेतून हमखास सुटतो. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चॅसिस नसते. पत्र्याचं कवच हाच सांगाडा. छप्पर, खांब, तळ सगळं मिळून भार वाहतं, आणि युद्धानंतर बॉडी बांधणाऱ्यांचा धंदा बसला तो मुख्यतः यामुळे. अंगरखा आणि हाडं एकच झाली, मग शिंप्यानं कापायचं काय? पण कॉर्वेट १९५३ पासून वेगळी राहिली. तिचा सांगाडा वेगळा आणि वरचं अंग फायबरचं. झगातोनं घेतलेल्या पिढीत सांगाडा अॅल्युमिनियमचा आहे आणि वरचे पत्रे बहुतांशी भार वाहत नाहीत. म्हणजे आजच्या काळात जुन्या पद्धतीनं बॉडी बांधायला योग्य अशा ज्या थोड्या गाड्या उरल्या, त्यातली ही एक. इंजिन पुढे, पण पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे सरकवलेलं. बिझ्झारीनींना हीच मांडणी प्रिय होती. आणि गंमत म्हणजे, जीटीझेड जाहीर झाली तोवर शेव्हरोलेनं स्वतः इंजिन मागे नेलं होतं. पुढे इंजिन असलेली शेवटची कॉर्वेट आणि इझोचं नाव यांची भेट अगदी शेवटच्या गाडीला झाली म्हणायची.

तेव्हा झग्याच्या आत कोण आहे, याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझा प्रश्न झग्याबद्दल आहे.

त्यासाठी पुन्हा १९६३ मध्ये चला. आयआर नंतर वर्षभरात इझोनं 'ग्रिफो' आणली. ग्रिफो म्हणजे तो गरुडाच्या तोंडाचा आणि सिंहाच्या धडाचा काल्पनिक प्राणी. तूरीनच्या प्रदर्शनात दोन ग्रिफो आल्या. एक ए३/एल, म्हणजे ऐषारामाची. दुसरी ए३/सी, म्हणजे शर्यतीची. पहिली रिव्होल्तांना हवी होती, दुसरी बिझ्झारीनींना. एकाच कारखान्यात दोन स्वभाव. ए३/सी बुटकी, रुंद, अॅल्युमिनियमच्या पत्र्याची. १९६५ च्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत ती नववी आली आणि मोठ्या इंजिनांच्या गटात पहिली. पण त्याच वर्षी वाटणी झाली. ग्रिफो हे नाव इझोकडे राहिलं आणि शर्यतीच्या गाडीचं रूप बिझ्झारीनींबरोबर गेलं. पुढे ती 'बिझ्झारीनी ५३००' म्हणून विकली गेली. आपल्याकडे भाऊबंदकीत विहीर एकाकडे जाते आणि मोट दुसऱ्याकडे, तसंच झालं.

१९६६ मध्ये रेन्झो गेले. मुलगा पिएरो पंचविशीचा. त्यानं कारखाना नेटानं चालवला. चार दारांची फिदिया आली, जुजारोंच्याच हातची. मग १९६९ मध्ये आणखी एक कूपे आली, तिचं नाव 'लेले'. हसू नका. पुण्याच्या लेल्यांचा इथे काही संबंध नाही! पिएरोंच्या पत्नीचं नाव राकेले, तिचं हे लाडाचं नाव. फॉर्म्युला वनमध्ये फ्रँक विल्यम्स यांच्या संघाबरोबर इझोचं नावही झळकलं. पण १९७३ मध्ये कारखाना विकावा लागला, तेलसंकट आलं, आणि १९७४ मध्ये ब्रेस्सोचं प्रकरण संपलं. आयआर आठशेच्या आसपास बनल्या, ग्रिफो चारशेच्या. एवढीच इस्टेट. १९९० च्या सुमाराला पिएरोंनी ग्रिफो परत आणायचा प्रयत्न केला. आरेखन मार्चेल्लो गांदिनी यांचं, यंत्रबांधणी जानपाओलो दाल्लारा यांची. माणसं एवढी नामवंत, तरीही गाडी उत्पादनापर्यंत पोचली नाही.

मग पुन्हा झगातो कुठून आले? सोयरिकीतून. आजचे झगातो घराण्याचे प्रमुख आंद्रेआ झगातो, उगोंचे नातू. त्यांच्या पत्नी मारेल्ला रिव्होल्ता, पिएरोंच्या कन्या, रेन्झोंची नात. म्हणजे इझो हे माहेरचं नाव. २०१७ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात झगातोनं एका संगणकीय शर्यतीच्या खेळासाठी आरेखलेली इझो दाखवली, आणि त्यातून पुढे रस्त्यावरची जीटीझेड घडली.

ही माहिती कळली तेव्हा माझं मत मऊ झालं, हे कबूल करतो. मृत मार्काचं नाव बहुधा कुणीतरी गुंतवणूकदार विकत घेतो. त्याला त्या नावाच्या गोड आठवणी नसतात, त्याला विक्री हवी असते. इथे नाव घरातलंच आहे. आजोबांचा बंद पडलेला कारखाना नातीनं पुन्हा दारावर पाटी लावून उघडावा, यात कुणाला काय वावगं वाटेल?

पण भावना ही भावना आणि टीका ही टीका. गाडीकडे बघू या. लांब बॉनेट, मागे सरकलेली बैठक, एकदम कापलेली शेपटी, आणि छपरावर दोन उंचवटे. हे दोन उंचवटे म्हणजे झगातोची सही. ती आली कुठून? पन्नाशीच्या दशकात शर्यतीच्या गाड्यांचं छप्पर जितकं खाली येईल तितकं चांगलं, कारण वाऱ्याला अडथळा कमी. पण चालकाच्या डोक्यावर हेल्मेट. तेव्हा झगातोनं छप्पर खाली घेतलं आणि जिथे डोकी येतात तेवढ्याच दोन जागी पत्रा फुगवला. मधे दरी ठेवली. पत्र्याला ताठपणाही आला. सुंदर उत्तर! गरजेतून आलेलं आणि म्हणून सुंदर. जीटीझेडमध्ये मात्र ती गरज उरलेली नाही. उंचवटे आहेत ते 'आम्ही झगातो' हे सांगायला. नावात 'झेड' आहे, छपरावरही 'झेड' आहे.

माझी मुख्य तक्रार इथे येते. जुन्या इझोचं रूप कुणाचं होतं? बेर्तोनेचं, जुजारोंचं. आयआर ३०० चे फोटो काढून बघा. बारीक खांब, मोठ्या काचा, सरळ कंबररेषा. आवाज न चढवता बोलणारी गाडी. शेजाऱ्याला वाटावं की साधीच दिसतेय, आणि घाट आला की कळावं. ग्रिफोतही तीच वृत्ती, जरा जास्त नखरेल, पण सगळा भर प्रमाणावर. इझोच्या कुठल्याही विकल्या गेलेल्या मोटारीच्या छपरावर दोन फुगे नव्हते. म्हणजे माहेरचं नाव घेऊन ही गाडी पूर्णपणे सासरच्या वळणाची आहे. झगातोच्या घराण्यातली गाडी म्हणून मी तिला चांगले गुण देईन. प्रमाण नेटकं आहे, पृष्ठभाग नितळ आहेत, आजच्या गाड्यांवर असतात तशा भोकांचा आणि पात्यांचा बाजार मांडलेला नाही. पण इझो म्हणून? तिथे मी अडखळतो.

झगातोचं म्हणणं आहे की प्रेरणा ए३/सी ची आहे. ठीक. पण ए३/सी म्हणजे कोणती गाडी? जिच्यावरून घर फुटलं ती. जी पुढे बिझ्झारीनींच्या नावानं ओळखली गेली ती. आणि नियतीचा विनोद बघा, त्याच सुमाराला बिझ्झारीनी हे नावही नव्या मालकांनी उठवलं. त्यांनी काय केलं? १९६५ ची ल माँची गाडी होती तशीच पुन्हा बांधायला घेतली, '५३०० जीटी कोर्सा रिव्हायव्हल', २४ गाड्या. एकाच पूर्वजाचे दोन वारस, आणि दोघांच्या दोन रीती. एकानं आजोबांचा फोटो जसाच्या तसा मोठा करून भिंतीवर लावला. दुसऱ्यानं आजोबांचं नाव नातवाला ठेवलं.

यात श्रेष्ठ काय? माझं उत्तर स्पष्ट आहे. नाव ठेवणं जास्त धाडसाचं आणि जास्त जिवंत. नक्कल कितीही अचूक केली तरी ती काही नवं बोलत नाही. कोच-बॉडीवाल्याची परंपरा नकलेची नव्हतीच, प्रत्येक पिढीनं त्याच हाडांवर आपल्या काळाचं अंग चढवलं. त्या अर्थानं झगातोनं निवडलेला मार्ग बरोबर आहे. फक्त पूर्वज निवडताना त्यांनी सोपा पूर्वज निवडला. शर्यत जिंकलेला, पोस्टरवर शोभणारा, लिलावात भाव खाणारा. ज्याच्यामुळे इझो ही इझो होती, तो शांत, चार माणसांचा, रोज वापरता येणारा विचार त्यांनी कपाटातच ठेवला.

आणि १९ हा आकडा. झगातोचा जन्म १९१९ चा, तेव्हा हा आकडा शोभतो खरा. पण १९ गाड्यांनी मार्का जिवंत होतो का? मार्का म्हणजे फक्त रूप नव्हे. मार्का म्हणजे कामगार, सुटे भाग, गिऱ्हाइकाची तक्रार, पुढच्या वर्षीचा नमुना. ब्रेस्सोतून आठशे आयआर बाहेर पडल्या तेव्हा आठशे घरांत कुणीतरी या गाडीला शिव्या घातल्या असतील, प्रेम केलं असेल, मुलांना शाळेत सोडलं असेल. १९ गाड्या संग्राहकांच्या गॅरेजमध्ये जातील आणि तिथे छान जपल्या जातील. मी याला पुनर्जन्म म्हणणार नाही. हे श्राद्ध आहे. श्रद्धेनं केलेलं, पान सुरेख वाढलेलं, पण श्राद्धच. श्राद्ध करू नये असं मी म्हणत नाही. त्याला बारसं म्हणू नये, इतकंच.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. इझोचे दोन आत्मे होते : ग्रिफो आणि इझेत्ता. ग्रिफोला वारस मिळाले, एक सोडून दोन. इझेत्ताचं काय? मायक्रोलिनो नावाची एक छोटी विजेवर चालणारी गाडी आहे. दोन माणसांची, अंड्यासारखी, दार समोर. कंपनी स्वित्झर्लंडची, स्कूटर बनवणारी. २०२२ पासून ती बनते कुठे? तूरीनला. ज्या शहरात १९५३ मध्ये इझेत्ता पहिल्यांदा लोकांसमोर आली, तिथेच. तिच्यावर इझोचं नाव नाही. रिव्होल्ता घराण्याशी तिचं नातं नाही. पण शहरात फिरायला दोन माणसांना किती जागा लागते, हा रेन्झो रिव्होल्तांचा प्रश्न ती आज पुन्हा विचारते आहे. म्हणजे नाव एका गाडीकडे गेलं आणि जीव दुसरीकडे. इझोच्या नशिबातली ती जुनी गोष्ट पुन्हा घडली, मूल एकाचं आणि नाव दुसऱ्याचं.

हे प्रश्न आपल्यापासून फार लांब आहेत असं समजू नका. पिनिनफारिना या तूरीनच्या नामवंत बॉडीवाल्या घराण्याचा मोठा हिस्सा घेण्याचा करार २०१५ मध्ये मुंबईच्या महिंद्रांनी केला. जावा हे नाव २०१८ मध्ये आपल्याच रस्त्यावर परत आलं. पुढच्या काळात अशी अनेक नावं परत येतील. तेव्हा टाकीवरची अक्षरं बघून गहिवरण्याआधी तीन प्रश्न विचारा. आतलं यंत्र त्या घराण्याच्या विचाराला धरून आहे का? वरचं रूप कुणाच्या हस्ताक्षरात आहे? आणि त्या घराण्याच्या कितीतरी आठवणींपैकी नेमकी कोणती निवडली, कोणती वगळली? जीटीझेड पहिल्या प्रश्नात उत्तम पास, दुसऱ्यात घरचे वाढीव गुण घेऊन पास, तिसऱ्यात माझ्या लेखी नापास. एकूण निकाल तुम्ही लावा.

[व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून]

प्रश्न : सर, तुम्ही म्हणता त्याप्रमाणे शांत, चार माणसांची इझो बनवली असती तर ती विकली गेली असती का? लोक १९ गाड्या घेतात त्या नजरेत भराव्यात म्हणूनच ना?

उत्तर : प्रश्न अगदी रास्त आहे, आणि माझ्या टीकेतली कमकुवत जागा तुम्ही बरोबर पकडलीत. बॉडीवाल्याला गिऱ्हाईक लागतं, टीकाकाराला लागत नाही. आज इतका पैसा मोजणारा माणूस बहुधा आवाज न चढवणारी गाडी मागत नाही, हे खरं. पण १९६२ मध्ये तरी कुठे मागत होता? तेव्हाही फेरारीचा लाल रंग आणि गर्जना विकली जात होती. फ्रीज आणि स्कूटरवाल्या रिव्होल्तांनी त्या गर्दीत जाऊन सांगितलं की चार माणसं, डिकीत सामान, आणि रोज सुरू होणारं इंजिन. तो जुगार होता आणि बारा वर्षं तो चाललाही. झगातोनं तो खेळायला हवा होता असं मी ठासून म्हणू शकत नाही. पैसे त्यांचे जाणार, माझे नाही. मात्र इझोच्या नावानं कुणी काही करणार असेल, तर निदान एकदा तरी मागच्या सीटवर कोण बसणार हा प्रश्न त्यानं विचारावा, एवढी अपेक्षा ठेवायला मी तयार आहे. मारेल्लाबाईंकडे नाव आहे, आंद्रेआंकडे कारखाना आहे. अजून वेळ गेलेली नाही.

थांबू या. घड्याळ पुढे गेलंय आणि मागची मंडळी चहासाठी चुळबुळ करताहेत.